बाईक राइडचा व्हिडिओ करायचाय? मग कॅमेऱ्याआधी माईकचा विचार करा!

पावसाळा लागला की ताम्हिणी, माळशेज, वरंधा घाटाकडे बाईकची रांग लागते. हल्ली त्यातल्या बऱ्याच हेल्मेटवर एक छोटा चौकोनी कॅमेराही दिसतो. गाडी चालवता चालवता बोलत व्हिडिओ करायचा, म्हणजेच मोटोव्लॉगिंगचा प्रकार आपल्याकडे चांगलाच रुळलाय.

ते बघून आपल्यालाही हुरूप येतो. कॅमेरा घेतला जातो, राइड होते, घरी येऊन व्हिडिओ लावला की धबधबे झकास दिसतात. आणि आवाज? नुसता घर्रर्र! दोन तास बडबड केली, त्यातला एक शब्द कळत नाही.

नवखे लोक हमखास इथेच चुकतात. सगळं बजेट कॅमेऱ्यावर जातं आणि माईकसाठी काहीच उरत नाही. चित्र थोडं कमी सुबक असलं तरी लोक बघतात, पण कान किटले की व्हिडिओ बंद करतात. म्हणून सुरुवात आवाजापासून करूया.

वाऱ्याचा एवढा आवाज का येतो?

माईकमध्ये एक पातळ पडदा असतो. आवाजाच्या लहरींनी तो हलतो. चालत्या गाडीवर मात्र हवेचे भोवरे थेट त्या पडद्यावर आदळतात आणि ते आपल्या बोलण्यापेक्षा कितीतरी जोरदार असतात. ताशी 65 किलोमीटरच्या आसपास वेग गेला की हेल्मेटच्या आतसुद्धा इंजिनापेक्षा वाऱ्याचाच आवाज जास्त होतो. कॅमेऱ्याचा स्वतःचा माईक तर उघड्यावरच असतो. मग कॅमेरा कितीही महाग असो, त्याचं काही चालत नाही.

उपाय सोपा आहे: माईक वाऱ्यातून काढा आणि तोंडाजवळ आणा. कॉलरला लावतात तो छोटा वायरवाला माईक हजार रुपयांच्या आसपास मिळतो. फुल-फेस हेल्मेटमध्ये तो हनुवटीच्या पट्टीच्या आतल्या बाजूला, ओठांच्या कोपऱ्याजवळ बसवा. थेट तोंडासमोर लावला तर श्वासाचे फुसफुस आवाज येतात. वर स्पंजची टोपी हवीच, ती माईकभोवती स्थिर हवेचा थर धरून ठेवते. वायर गालाच्या गादीमागून खाली काढा. अर्ध्या, उघड्या हेल्मेटमध्ये मात्र हा उपाय फारसा चालत नाही.

माईक जोडायचा कशाला?

इथे दोन रस्ते आहेत. पहिला, माईक थेट कॅमेऱ्याला जोडणं. आवाज आणि चित्र एकत्रच रेकॉर्ड होतं, काम कमी. पण बऱ्याच अ‍ॅक्शन कॅमेऱ्यांना त्यासाठी वेगळा अ‍ॅडॅप्टर लागतो आणि तो लावायला कॅमेऱ्याचं झाकण उघडं ठेवावं लागतं. झाकण उघडं म्हणजे कॅमेरा वॉटरप्रूफ राहिला नाही! घाटातल्या पावसात हे महागात पडू शकतं.

दुसरा रस्ता, माईक वेगळ्या रेकॉर्डरला किंवा घरात पडलेल्या जुन्या फोनला जोडणं. तो फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून जॅकेटच्या आतल्या खिशात ठेवायचा. कॅमेऱ्याचं झाकण बंदच राहतं. निघण्यापूर्वी कॅमेऱ्यासमोर एक जोरात टाळी वाजवा. एडिटिंग करताना दोन्हीकडची ती टाळी जुळवली की आवाज आणि चित्र जुळतं. पावसाळी राइडसाठी हाच मार्ग बरा.

माईक घेताना पिन नक्की बघा. फोनच्या पिनवर तीन काळे पट्टे असतात, कॅमेऱ्याच्या पिनवर दोन. चुकीची पिन लावली तर आवाजच रेकॉर्ड होत नाही आणि ते घरी आल्यावरच कळतं.

फोनच हँडलला लावला तर?

शक्यतो नको. मोबाईलमध्ये चित्र स्थिर ठेवण्यासाठी लेन्स किंवा सेन्सर हलवणारी नाजूक यंत्रणा असते. मोटारसायकलच्या इंजिनाच्या जोरदार कंपनांमुळे ती बिघडू शकते, असा इशारा अ‍ॅपलने 2021 मध्येच आयफोन वापरणाऱ्यांना दिला होता. अ‍ॅक्शन कॅमेरे सहसा हे काम सॉफ्टवेअरने करतात, म्हणून ते धक्के सोसतात. तरीही सिंगल सिलिंडर गाडीच्या हँडलवर त्यांचंही चित्र कधी कधी जेलीसारखं थरथरतं.

हेल्मेटच्या हनुवटीवर लावलेला कॅमेरा आपण बघतो तेच दाखवतो आणि शरीर कंपनं शोषून घेतं. छातीवर लावला तर हात आणि टाकी छान दिसते. डोक्याच्या वर लावला तर वारा तो मागे ओढतो आणि मान दुखते.

कॅमेरा घेताना काय बघायचं?

नवा चांगला अ‍ॅक्शन कॅमेरा 20-25 हजारांपासून पुढे मिळतो. 4K च्या वरचे आकडे बघून भुलू नका. चित्र किती स्थिर राहतं, संध्याकाळच्या उजेडात कसं दिसतं, बॅटरी बदलता येते का आणि बाहेरचा माईक कसा जोडतात, हे आधी विचारा.

मेमरी कार्डाचा हिशोबही करा. कॅमेरा सेकंदाला 100 मेगाबिट वेगाने रेकॉर्ड करत असेल तर मिनिटाला 750 एमबी, म्हणजे तासाला सुमारे 45 जीबी जागा लागते. 64 जीबीचं कार्ड दीड तासाच्या आतच भरतं. कार्डावर V30 लिहिलेलं असावं, म्हणजे ते सेकंदाला किमान 30 एमबी लिहू शकतं.

आणखी एक, हे कॅमेरे वाऱ्याने थंड राहतात. ट्रॅफिकमध्ये किंवा टपरीवर चहासाठी थांबलात तर रेकॉर्डिंग बंद करा. नाहीतर कॅमेरा तापून स्वतःच बंद पडतो.

हेल्मेट आधी, व्हिडिओ नंतर

कॅमेरा बसवायला हेल्मेटला भोक पाडू नका, स्क्रू मारू नका. आयएसआय मार्क मिळतो तो अखंड हेल्मेटला. चिकटपट्टीचा किंवा पट्ट्याचा माउंट वापरा, म्हणजे पडल्यावर तो सुटून येईल. हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याबद्दल सगळीकडे सारखी भूमिका नाही. केरळच्या मोटार वाहन विभागाने 2022 मध्ये अशा चालकांवर कारवाईचा इशारा दिला होता. त्यामुळे दुसऱ्या राज्यात जाताना तिथला नियम विचारून घ्या. आणि बटण दाबायचं असेल तर गाडी बाजूला घ्या. घाटातल्या वळणावर एक सेकंद नजर हटणंही जास्त होतं.

मोठ्या राइडआधी घराजवळ दहा मिनिटांची एक फेरी मारा. आधी ताशी 40 ने, मग मोकळ्या रस्त्यावर 60 ने. घरी येऊन हेडफोन लावून ऐका. तुमचा प्रत्येक शब्द कळतोय? मग बिनधास्त निघा. नाही कळत? तर माईक बोटभर सरकवा आणि पुन्हा फेरी मारा. नवा कॅमेरा घेण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त पडतं!