खिशातील संगणकाची कुलपे

१९९६ साली पाम कंपनीने आणलेल्या ‘पायलट १०००’ या हातात मावणाऱ्या संगणकाची स्मृती अवघी १२८ किलोबाइट होती. त्यात पत्ते, टिपणे व भेटींच्या वेळा असत. तो हरवला तर गैरसोय होई, एवढेच. आज आपल्या खिशातील मोबाईल हाही संगणकच आहे. मात्र त्यात आपले बँकखातेही सामावले आहे. म्हणून त्याच्या ‘सेटिंग्ज’मध्ये चार गोष्टी अवश्य तपासाव्यात.

पहिली, पडद्याचे कुलूप. जन्मतारीख वा १२३४ असा सोपा क्रमांक ठेवू नये.

दुसरी, सूचना. फोन बंद कुलपात असतानाही ओटीपी पडद्यावर झळकत असेल, तर कुलूप असून नसल्यासारखेच. ‘नोटिफिकेशन्स’मध्ये जाऊन संदेशांचा मजकूर लपवावा.

तिसरी, सिमकार्डाचा पिन. चोरलेले सिम दुसऱ्या फोनमध्ये घातले की आपले ओटीपी तिकडे जाऊ लागतात. सिमला पिन असल्यास ही वाट बंद होते. मात्र मूळ पिन आधी मोबाईल कंपनीकडून जाणून घ्यावा. तो तीनदा चुकल्यास सिम अडते व ते सोडविण्यास पीयूके क्रमांक लागतो.

चौथी, अनोळखी ॲप. अँड्रॉइडच्या ८व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१७ पासून, बाहेरील ॲप बसविण्याची परवानगी प्रत्येक ॲपला स्वतंत्रपणे दिली जाते. संदेशाच्या ॲपला ती दिलेली असल्यास काढून घ्यावी. ‘केवायसी’ वा ‘वीजबिल’ अशा नावाने आलेली फाइल उघडूच नये.

एवढे करूनही फसवणूक झालीच, तर संकोच न करता तत्काळ १९३० या क्रमांकावर व आपल्या बँकेस कळवावे. अशा वेळी प्रत्येक मिनिट मोलाचे असते.