चालत्या अतिथिगृहाची विक्री व तपासणी

आपल्या व्यापारी बंधूंपैकी काहींनी चार-सहा खोल्यांत उतारूंच्या मुक्कामाची व न्याहारीची सोय करून जोडधंदा चालविला आहे. असे चालते अतिथिगृह विकावयाचे झाल्यास खरेदीदार इमारतीची तपासणी करवितोच. ती जुने उतारू गेल्यावर व नवे येण्यापूर्वी, दुपारी ठेवावी. मुक्कामी असलेल्यांस आदल्या दिवशी कल्पना द्यावी. नोकरांस विक्रीची वार्ता मालकाच्याच तोंडून कळावी. खरेदीखत, कराच्या पावत्या व परवाने हाताशी असावेत.

बेळगावातील आमचे अतिथिगृह विकताना मागील भिंतीत ओल होती. दलालाने तीवर चुना मारावयास सुचविले. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम ५५ अन्वये, विरुद्ध करार नसल्यास, आपणांस ठाऊक असलेला परंतु खरेदीदारास सामान्य दक्षतेने न दिसणारा महत्त्वाचा दोष उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. आपल्या धर्मानेही 'प्रतिरूपक व्यवहार' हा अचौर्याणुव्रताचा अतिचार मानला आहे. पोत्याच्या तोंडाशी निवडक दाणा व तळाशी किडका, असा तो व्यवहार होय. आम्ही भिंत स्वतः दाखविली. किंमत काहीशी उतरली. परंतु सौदा त्याच बैठकीत पक्का झाला, आणि त्या गृहस्थांशी आमचा घरोबा आजतागायत टिकून आहे.