तारकर्लीत स्कुबा केल्यावर तुंगार्लीला परत कधी निघायचं?

विद्यार्थी मित्रांनो, सुट्टी जवळ आली की घरोघरी सहलीचे बेत सुरू होतात. तुंगार्लीतल्या एका पालकांनी मला त्यांचा बेत कागदावर लिहून दाखवला. शुक्रवारी रात्री निघायचं. शनिवारी सिंधुदुर्ग किल्ला. रविवारी देवबागचा संगम आणि मालवणचा बाजार. सोमवारी सकाळी तारकर्लीला स्कुबा डायव्हिंग, दुपारी मासळीचं जेवण, लगेच गाडी काढायची आणि रात्री घरी. "सर, मुख्य गोष्ट शेवटी ठेवलीय, म्हणजे मुलांचा उत्साह टिकतो," असं ते म्हणाले.

बेत छान होता, फक्त क्रम उलटा होता. तो उलटा का, हे समजायला विज्ञानाच्या पुस्तकातला हवेच्या दाबाचा धडा पुरेसा आहे. आजचा पाठ त्यावरच.

१. घाटात कान का दडतात?

कर्जतहून गाडी घाट चढू लागली की खंडाळ्याच्या आसपास आपले कान दडतात. वेफर्सचं पाकीट खाली कर्जतला घेतलं असेल, तर लोणावळ्याला येईपर्यंत ते टम्म फुगतं. पाकिटात कोणी हवा भरलेली नसते. बाहेरचा दाब कमी झाला म्हणून आतली हवा पसरते, एवढंच.

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे ६२० मीटर उंचीवर आहे. इथला हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा साधारण ७ टक्क्यांनी कमी असतो. आपण इथेच राहतो म्हणून ते जाणवत नाही, पण पाकिटाला बरोबर कळतं.

२. पाण्याखाली दाब किती वाढतो?

पाणी हवेपेक्षा खूपच जड. त्यामुळे समुद्रात दर १० मीटर खोलीला साधारण एका वातावरणाइतका दाब वाढतो.

- पृष्ठभागावर: १ वातावरण
- १० मीटर खोल: २ वातावरण
- २० मीटर खोल: ३ वातावरण

म्हणजे बघा, ६२० मीटरचा डोंगर चढून दाब जेमतेम ७ टक्के कमी होतो, आणि पाण्यात १० मीटर उतरलं की तो थेट दुप्पट होतो. डायव्हरच्या पाठीवरच्या टाकीत साधी दाबून भरलेली हवा असते. अनेकांना वाटतं की नुसता ऑक्सिजन असतो, पण तसं नाही. तोंडात धरलेलं रेग्युलेटर ही हवा आजूबाजूच्या पाण्याच्या दाबाइतकीच करून देतं, म्हणून खोल पाण्यातही छाती फुगवून श्वास घेता येतो.

यातूनच डायव्हिंगचे पहिले दोन नियम निघतात. एक, खाली जाताना नाक चिमटीत धरून हळूच फुंकायचं आणि कान मोकळे करत राहायचं. दुखायला लागण्याची वाट बघायची नाही. दोन, श्वास कधीच रोखून धरायचा नाही. १० मीटरवर छातीत भरून घेतलेली हवा पृष्ठभागावर येईपर्यंत दुप्पट होते. श्वास कोंडून वर आलं, तर फुप्फुसाचं त्या वेफर्सच्या पाकिटासारखंच होईल, आणि ते फाटूही शकतं.

३. अंगात मुरलेला नायट्रोजन

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असतो. एरवी तो श्वासाबरोबर आत येतो आणि तसाच बाहेर जातो. पण दाब वाढला की वायू द्रवात जास्त विरघळतो. त्यामुळे पाण्याखाली असताना रक्तात आणि ऊतींमध्ये जास्तीचा नायट्रोजन मुरत जातो. जितकं खोल आणि जितका जास्त वेळ, तितका तो जास्त.

आता सोड्याची बाटली आठवा. बंद असताना आत एकही बुडबुडा दिसत नाही. झाकण झटकन उघडलं की फस्सकन फेस येतो. तेच झाकण हळूहळू सैल केलं, तर वायू शांतपणे निघून जातो. आपलं शरीरही तसंच. डायव्हर सावकाश वर आला, तर जास्तीचा नायट्रोजन श्वासावाटे निघू लागतो. दाब एकदम उतरला, तर त्याचे बुडबुडे अंगातच तयार होतात. या आजाराला डीकम्प्रेशन सिकनेस म्हणतात, बोलीत 'बेंड्स'.

हा आजार आधी डायव्हरपेक्षा मजुरांमध्ये जास्त दिसला. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाच्या पायाचं काम १८७०च्या दशकात नदीच्या तळाशी, दाबलेली हवा भरलेल्या बंद पेट्यांमध्ये चालायचं. बाहेर आल्यावर मजुरांचे सांधे असह्य दुखायचे, काहींना लकवा झाला, काही दगावले. पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग हेही या आजाराने कायमचे अधू झाले. पुढे १९०८ मध्ये जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून, टप्प्याटप्प्याने वर कसं यायचं याची कोष्टकं प्रसिद्ध केली. आजच्या डायव्हरच्या मनगटावरचा संगणक त्याच विचाराची पुढची पायरी आहे.

४. मग यात आपला घाट कुठे आला?

पाण्याबाहेर आलं म्हणजे काम संपलं, असं नाही. मुरलेला जास्तीचा नायट्रोजन पूर्ण निघायला बरेच तास लागतात. त्या तासांत आपण आणखी उंचावर गेलो, तर बाहेरचा दाब पुन्हा उतरतो. सोड्याची बाटली अर्धी उघडून ठेवली होती, ती पूर्णच उघडली म्हणा ना!

विमानाच्या बाबतीत हे बहुतेकांना माहीत असतं. डायव्हिंग सुरक्षेसाठी काम करणाऱ्या 'डायव्हर्स अलर्ट नेटवर्क'च्या मार्गदर्शनानुसार विमानात बसण्याआधी इतकं थांबायचं:

- एकच साधी डाइव्ह असेल, तर किमान १२ तास
- एका दिवसात अनेक किंवा सलग काही दिवस डाइव्ह असतील, तर किमान १८ तास
- वर येताना मध्येच ठरावीक वेळ थांबणं सक्तीचं असेल अशा डाइव्हनंतर, १८ तासांपेक्षा बरंच जास्त

हे आकडे २,००० ते ८,००० फूट उंचीसाठी आहेत. आता गणित करा. ६२० मीटर म्हणजे २,००० फुटांहून थोडं जास्तच. म्हणजे विमानात न बसताही, तुंगार्लीच्या आपल्या घरी पोचणं हे या नियमाच्या खालच्या पायरीवर येतंच!

आणि रस्ता तर त्याहून आधी वर चढतो. मालवणहून कणकवलीमार्गे फोंडा घाट धरला, तर दोन-अडीच तासांत आपण सह्याद्रीच्या माथ्यावर असतो. आंबोलीने गेलात, तर आंबोलीच लोणावळ्यापेक्षा थोडी उंच आहे. सकाळी अकराला पाण्याबाहेर, दोनला जेवून निघालो, साडेचारला घाटमाथ्यावर. थांबलो फक्त साडेपाच तास.

घाबरवण्यासाठी हे सांगत नाही. पर्यटकांची पहिली डाइव्ह बहुधा उथळ पाण्यात आणि थोडाच वेळ असते, त्यामुळे धोका कमीच असतो. पण कमी म्हणजे शून्य नव्हे. आणि तो टाळायला एक पैसाही लागत नाही, फक्त दिवसांची अदलाबदल करायची.

५. बेत असा करा

१. शेवटचा दिवस कोरडा ठेवा. स्कुबा शनिवारी किंवा रविवारी सकाळी. सिंधुदुर्ग किल्ला आणि बाजार सोमवारी. किल्ला कुरटे बेटावर, समुद्रसपाटीलाच आहे, तिथे फिरायला हरकत नाही.

२. हंगाम बघा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, तेव्हा हे बंद असतं. साधारण ऑक्टोबर ते मे हा काळ. पावसाळा संपल्यावर पाणी निवळायलाही थोडे दिवस द्यावेत.

३. अनुभव की कोर्स, हे ठरवा. प्रशिक्षकाबरोबरची पहिली डाइव्ह एका सकाळी होते, १२ मीटरच्या आत. त्यासाठी वय साधारण १० वर्षं पूर्ण लागतं. स्वतंत्र डायव्हर व्हायचं, तर 'ओपन वॉटर' कोर्सला तीन-चार दिवस द्यावे लागतात आणि पोहता यावं लागतं. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचं स्कुबा प्रशिक्षण केंद्र आहे.

४. आरोग्याचा अर्ज खरा भरा. दमा, हृदयविकार, कानाचं ऑपरेशन, फिट्स यापैकी काही असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. साधी सर्दी असेल, तरी त्या दिवशी पाण्यात उतरू नका, कान मोकळे होणार नाहीत.

५. पैसे देण्याआधी विचारा. प्रत्यक्ष पाण्याखाली किती वेळ? एका प्रशिक्षकामागे किती जण? होडीवर ऑक्सिजनचा संच आहे का? हे प्रश्न विचारायला लाजू नका.

६. सराव धरणात नको. तुंगार्लीच्या धरणावर मास्क लावून बघू, असा विचार कोणी करू नये. सराव प्रशिक्षकासमोर, पोहण्याच्या तलावातच.

६. अंदमानला जाणार असाल तर

स्वराज द्वीप (२०१८ पर्यंतचं नाव हॅवलॉक) इथे पाणी अधिक नितळ आहे, प्रवाळही भरपूर. पण तिथून परत यायचं म्हणजे विमान आलंच, आणि विमानाच्या केबिनमधला दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन चतुर्थांशापर्यंत उतरतो. म्हणून तिथे शेवटचा अख्खा दिवस बोटीने परत येऊन सेल्युलर जेल बघण्यासाठी ठेवा. विश्रांतीही होते आणि इतिहासाचा पाठही.

७. त्रास झालाच तर

डाइव्हनंतरच्या दिवसभरात खांदा, कोपर किंवा गुडघा दुखणं, मुंग्या येणं, अंगावर चट्टे, चक्कर, विलक्षण थकवा यापैकी काही जाणवलं, तर "दमलो असेन" म्हणून झोपू नका. आडवं व्हा, ऑक्सिजन मिळवा, १०८ ला फोन करा. डॉक्टरांना डाइव्हची वेळ, खोली आणि त्यानंतर किती उंचीवर गेलात हे आवर्जून सांगा. ते स्वतः सांगितलं नाही, तर घाटावरच्या दवाखान्यात कोणाच्या ते लक्षातही येणार नाही.

त्या पालकांनी कागदावरची सोमवारची ओळ खोडून शनिवारी लिहिली. बाकीचा बेत तसाच राहिला.

स्वाध्याय

१. पाण्याची रिकामी प्लॅस्टिकची बाटली लोणावळा स्टेशनवर घट्ट बंद करा आणि कर्जतला उतरून बघा. काय दिसतं? कारण लिहा.
२. ३० मीटर खोलीवर दाब किती वातावरण असेल?
३. सलग दोन दिवस डाइव्ह केली. शेवटची रविवारी सकाळी १० वाजता संपली. घाट चढायला लवकरात लवकर केव्हा निघता येईल?