भाषांची उपपदे : नामानंतर येणारे उपपद

गेल्या लेखांकातील इंग्रजी, फ्रेंच आणि अरबी उपपदे नामाच्या आधी येणारी असल्यामुळे तीच उपपदाची स्वाभाविक जागा असावी, असा समज होणे साहजिक आहे. परंतु बल्गेरियन, मॅसेडोनियन, रोमानियन आणि अल्बेनियन या बाल्कन द्वीपकल्पातील भाषांत निश्चित उपपद, म्हणजे ऐकणाऱ्याने ओळखावी अशी ठरावीक वस्तू दाखवणारे उपपद, शब्दाच्या शेवटी जोडले जाते. मराठीतील ‘ला’ आणि निश्चितता यांचा संबंध या लेखांकात पाहायचा होता. तथापि शेवटी जोडले जाणारे उपपद आणि विभक्तिप्रत्यय यांत फरक कोणता, हा एका वाचकाचा प्रश्न इतका मूलगामी आहे, की त्याला आधी स्थान देणे उचित ठरेल.

त्याचे सर्वांत स्वच्छ उत्तर बल्गेरियनमध्ये मिळते. ‘क्निगा’ म्हणजे पुस्तक आणि ‘क्निगाता’ म्हणजे ठरावीक पुस्तक, एवढ्यावरून ‘ता’ हा नामाचाच प्रत्यय वाटतो. पण नामाआधी ‘नोवा’ (नवे) हे विशेषण आले, की ‘नोवाता क्निगा’ असा प्रयोग होतो आणि त्याच्याही आधी ‘मोया’ (माझे) आले, तर ‘मोयाता नोवा क्निगा’. नाम जागचे हलत नाही, उपपद मात्र दर वेळी आणखी आधीच्या शब्दावर जाऊन बसते. मराठीत ‘माझ्या नव्या पुस्तकाला’ असे म्हणताना ‘ला’ नामाला सोडत नाही. बल्गेरियन ‘ता’ मात्र नाम आणि त्याची विशेषणे मिळून होणाऱ्या संपूर्ण पदसमूहाचे असते. त्यातही एक बारकावा आहे. ‘म्नोगो हुबावाता क्निगा’ (खूप चांगले पुस्तक) यात पहिला शब्द ‘म्नोगो’ असूनही उपपद त्याला टाळते, कारण ‘म्नोगो’ हे अविकारी क्रियाविशेषण आहे आणि उपपद क्रियाविशेषणाला जोडले जात नाही. इतक्या नेमकेपणाने आपली जागा शोधणारे उपपद अन्यत्र क्वचितच आढळते.

हा ‘ता’ जुन्या स्लाव्ह भाषेतील दर्शक सर्वनामापासून आला असून संस्कृत ‘तद्’ आणि मराठी ‘तो, ती, ते’ ही त्याच कुळातील रूपे आहेत. रशियन आणि पोलिश या भगिनीभाषांत मात्र उपपद नाही. रोमानियनने आपले उपपद लॅटिन दर्शक सर्वनामापासून घडवले, तरी ‘ओम’ (माणूस) याचे ‘ओमुल’ आणि ‘चांगला माणूस’ याचे ‘बुनुल ओम’ होताना रचना तीच राहते. कुळे वेगळी, शब्द वेगळे, पण घडण एक, हे व्हिएन्नातील स्लोव्हेनियन अभ्यासक येर्नेय कोपितार यांनी 1829 मध्येच नोंदवले होते. शेकडो वर्षे एकमेकांच्या भाषा बोलणाऱ्या शेजाऱ्यांमध्ये शब्दांप्रमाणे व्याकरणही पसरते, याचा हा उत्तम दाखला होय, आणि त्याच प्रदेशातील ग्रीकने आपले उपपद नामाआधीच ठेवले, यावरून अशा प्रसारालाही मर्यादा असते हे कळते.

मॅसेडोनियन याहून एक पायरी पुढे जाते. तिच्यात ‘क्निगाता’बरोबरच बोलणाऱ्याजवळच्या पुस्तकासाठी ‘क्निगावा’ आणि दूरच्यासाठी ‘क्निगाना’ असे रूप असल्यामुळे निश्चिततेबरोबर अंतरही उपपदातूनच सांगता येते.

उत्तर युरोपातील स्वीडिशमध्येही ‘हूस’ (घर) याचे ‘हूसेत’ होते, परंतु विशेषण आले की अंत्य उपपद तसेच राहून आधी आणखी एक स्वतंत्र उपपद येते. डॅनिशमध्ये अशा वेळी अंत्य उपपद गळते. हा विकास बाल्कन भाषांपासून स्वतंत्रपणे झालेला आहे.

‘ला’चा विषय आता पुढील लेखांकात येईल, तोपर्यंत ‘ते मुलगा शोधत आहेत’ आणि ‘ते मुलाला शोधत आहेत’ या दोन वाक्यांतील कोणता मुलगा आधीपासून ठाऊक आहे, याचा वाचकांनी विचार करून ठेवावा.