तिथीची पाऊणपट आणि आक्षीचा किनारा

कोकणातल्या कोळ्यांना भरतीची वेळ सांगायला छापील कोष्टक लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. येईल तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीची घड्याळातली वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. एकादशीला सव्वाआठ, द्वादशीला नऊ. थोडा वेळ इकडेतिकडे होतो, पण हिशेब उपयोगी पडतो, कारण चंद्र रोज सुमारे 50 मिनिटे उशिरा माथ्यावर येतो आणि भरतीही तेवढीच मागे सरकते. अलिबागजवळच्या आक्षीला हिवाळ्यात पक्षी पाहायला जायचे तर दुर्बीण घेण्याआधी हे गणित करावे.

अलिबागला येणारे पर्यटक ओहोटीची वेळ विचारतात, कारण ओहोटीला कुलाबा किल्ल्यात चालत जाता येते. पक्षी पाहणाऱ्याची वेळ वेगळी. पूर्ण ओहोटीला पाणी इतके आत जाते, की त्याच्या कडेने चरणारे पक्षी नुसते ठिपके दिसतात. पाणी चढू लागले की चरायची ओली पट्टी आखडत जाते आणि पक्षी आपोआप किनाऱ्याकडे ढकलले जातात. म्हणून डिसेंबरातली एकादशी किंवा द्वादशीची सकाळ उत्तम. उजाडताना पोहोचावे, सुरूच्या बनाच्या कडेला शांत बसावे आणि पाण्याला त्याचे काम करू द्यावे.

शके 934 च्या शिलालेखामुळे आक्षीचे नाव मराठी वाचकाला ठाऊक असते. पक्षीनिरीक्षकांना ते साखर-आक्षी खाडीच्या मुखाजवळच्या वाळूमुळे ठाऊक आहे. थंडीत इथे कुरव आणि सुरय यांचे थवे उतरतात. तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या उंच सरोवरांकडून येतो, ह्यूग्लिनचा कुरव थेट रशियाच्या उत्तर टोकाकडून. त्यांच्या आसपास वाळूवर लगबग चाललेली असते ती तुताऱ्या आणि चिखल्या यांची. नवख्याला हे सारे सारखेच दिसतात: करडी पाठ, पांढरे पोट, बारीक पाय. त्यांना ओळखायचे ते रंगावरून नव्हे, चोचीवरून आणि चालीवरून.

चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो चार पावले धावतो, थबकतो, वाळूच्या पृष्ठभागावर काही हलले की टिपतो आणि पुन्हा धावतो. त्याची सारी मदार नजरेवर. तुतारीच्या कुळातले पक्षी मात्र चोच वाळूत खुपसून चरतात. सँडरलिंग मागे सरणाऱ्या लाटेमागे धावत जाते आणि पुढची लाट येण्याआधी परतते. टेरेक तुतारीची चोच वर वळलेली. ती मान खाली घालून खेकड्यांच्या मागे वेडीवाकडी पळते. कोरल, म्हणजे कर्लू, आपली लांब बाकदार चोच खेकड्यांच्या बिळात थेट आत घालतो. एकाच पट्टीवर हे सगळे शेजारी शेजारी चरू शकतात, कारण प्रत्येकाची चोच वाळूच्या वेगळ्या थरापर्यंत पोहोचते आणि प्रत्येकाचे भक्ष्य बरेचसे वेगळे असते.

न दिसणारे भक्ष्य चोचीला सापडते कसे? या चोचींच्या टोकाशी हाडात बारीक खळगे असतात आणि त्यांत दाब व कंप ओळखणाऱ्या संवेदी पेशींचे पुंजके असतात. नेदरलँड्समधील थ्यूनिस पिअर्स्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1998 मध्ये नॉट या पक्ष्यावरचा एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. वाळूत पुरलेले शिंपले नॉटला सापडत, यात नवल नव्हते. पण शिंपल्यांऐवजी दगड पुरले तरी ते त्याला कळत. दगडाला ना वास, ना हालचाल. वाळू कोरडी असली की मात्र त्याला काहीच उमगत नसे. उलगडा असा, की ओल्या वाळूत चोच खुपसली की कणांमधल्या पाण्यात दाब तयार होतो. वाटेत टणक वस्तू असेल तर त्या दाबाची घडण बदलते आणि चोचीला ते कळते. वाळूतले पाणी हाच त्याच्या ज्ञानेंद्रियाचा अर्धा भाग झाला. नॉटचा भाऊबंद असलेला ग्रेट नॉट कोकण किनाऱ्यावर थोड्या संख्येने येतो. भरती-ओहोटीने सतत भिजणारी वाळू या पक्ष्यांना का लागते, याचे उत्तर इथे आहे.

कालवफोड्याचे, म्हणजे ऑयस्टरकॅचरचे, तंत्र आणखी निराळे. काळापांढरा देह, लाल डोळे, गाजरी रंगाची लांब चोच. काही कालवफोडे शिंपला ठोकून फोडतात, तर काही किंचित उघडलेल्या शिंपल्यात चोच सरकवून तो मिटणारा स्नायूच कापतात. ठोकणाऱ्यांचे चोचीचे टोक बोथट होत जाते, कापणाऱ्यांचे धारदार राहते. चोच रोज सुमारे 0.4 मिलिमीटर वाढत असल्यामुळे आहार बदलला की काही आठवड्यांत टोकाचा आकारही बदलू शकतो.

या सगळ्या खाण्यामागे प्रवास आहे. उत्तरेकडच्या टुंड्रातून निघालेल्या पक्ष्याला वाटेवरचे आणि मुक्कामाचे प्रत्येक चराऊ ठिकाण हिशेबात धरावे लागते. ऑक्टोबर 2022 मध्ये उपग्रह-यंत्र बसवलेला पाच महिन्यांचा एक बार-टेल्ड गॉडविट अलास्काहून टास्मानियाला न थांबता उडत गेला: सुमारे 13,560 किलोमीटर, 11 दिवस. कोकणात येणारे गॉडविट वेगळ्या समूहातले आणि त्यांचा मार्गही वेगळा, पण शरीराची तयारी तीच. अलास्काहून निघताना गॉडविटच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग चरबी असतो आणि जठर, आतडी, यकृत आकसून लहान झालेली असतात. उडताना न लागणारे ओझे शरीर आधीच कमी करते.

वाट कशी सापडते, या प्रश्नाचा एक धागा अलिबागमध्येच आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर कुलाब्याच्या वेधशाळेतल्या चुंबकीय नोंदी बिघडतील, हे तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी ओळखले आणि 1904 पासून अलिबागला नोंदी सुरू झाल्या. तिथली इमारत चुंबकत्व नसलेल्या साहित्याची. आजही भारतीय भूचुंबकत्व संस्था तिथे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची अखंड नोंद ठेवते. याच क्षेत्राचा होकायंत्रासारखा वापर स्थलांतरित पक्षी करतात. युरोपीय रॉबिनच्या डोळ्यातले क्रिप्टोक्रोम-4 हे प्रथिन चुंबकीय क्षेत्राला संवेदनशील असल्याचे 2021 मध्ये प्रयोगशाळेत दिसले. त्याआधी 2014 मध्ये जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठाच्या आवारात आढळले, की शहरी विद्युत उपकरणांच्या रेडिओलहरींमुळे रॉबिनना दिशा कळत नाही. खोलीला ॲल्युमिनियमचे आवरण देऊन ते जमिनीशी जोडले की कळू लागते. ट्रामचा अडथळा आणि या लहरींचा अडथळा यांचे भौतिकशास्त्र वेगळे आहे. तरी उपकरणाला शहरापासून दूर हलवता आले, पक्ष्याला आपला मार्ग शहरांवरूनच काढावा लागतो, हे विसरता येत नाही.

अलिबाग तालुक्याचे पक्षीविज्ञानाशी नाते जुनेच. किहीमला राहत असताना 1930 मध्ये सालिम अली यांनी सुगरणीच्या वसाहतीचे तासन्‌तास निरीक्षण केले. नर घरटे अर्धे विणतो, माद्या येऊन तपासणी करतात, पसंत पडले की जोडी जमते आणि नर दुसरे घरटे विणायला घेतो, हे त्यांनी तिथे उलगडले. किहीमच्या वाड्यांत आजही तांबट, हळद्या, खंड्या सहज दिसतात आणि आक्षीला जाणाऱ्याने परतताना नारळी-पोफळीत तासभर घालवावा.

पण काळजी वाळूवरच्या पक्ष्यांची आहे. पूर्ण भरतीला चरायला जागाच नसते, तेव्हा थवे उरलेल्या कोरड्या पट्टीवर वाऱ्याकडे तोंड करून, एका पायावर विसावतात. नेमक्या त्याच पट्टीवर माणसांची गर्दी, मोकाट कुत्री, घोडागाड्या आणि वाळूवर उतरवलेल्या मोटारी येतात. मार्च 2020 पासून भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सेवा सुरू झाल्याने मुंबईची गाडी बोटीतून थेट तालुक्यात येऊ लागली आहे. थवा एकदा उडाला तर फार बिघडत नाही. दिवसभर दर थोड्या वेळाने उडावे लागले, तर प्रवासासाठी साठवायची चरबी तिथेच जळते. छायाचित्रासाठी थव्याच्या दिशेने चालत जाणारा हौशी पक्षीनिरीक्षकही यात मोजला पाहिजे. भरतीच्या आधी-नंतरचे दोन-तीन तास खाडीमुखाजवळची थोडी वाळू मोकळी ठेवणे गावाला आणि प्रशासनाला अवघड नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये आययूसीएनच्या लाल यादीत किनारपक्ष्यांच्या 16 जाती अधिक धोक्याच्या श्रेणीत गेल्या. त्यांत करडा चिखल्या, कर्लू सँडपायपर, डनलिन आणि टर्नस्टोन आहेत. चारही महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर येणारे. तुतारीच्याच कुळातला बारीक चोचीचा कोरल 1995 नंतर खात्रीने कुणालाच दिसलेला नाही आणि 2025 मध्ये तो नामशेष म्हणून जाहीर झाला.

आशियाई पाणपक्षी गणना दर जानेवारीला होते आणि तिच्यामुळे हिवाळ्याचे चित्र बरेच स्पष्ट असते. मे महिन्याकडे मात्र कमी लक्ष जाते. प्रौढ पक्षी एप्रिलअखेर तांबूस पिसारा चढवून निघून जातात, पण पहिल्याच वर्षातली अनेक पिल्ले विणीला जात नाहीत, इथेच उन्हाळा काढतात. फिकट पिसाऱ्याची ही पोरे सुट्टीच्या सर्वाधिक गर्दीच्या दिवसांत वाळूवर असतात. पुढच्या विणीची भिस्त त्यांच्यावर आहे, म्हणून मे महिन्यातल्या द्वादशीलाही सकाळी आक्षीला जाऊन त्यांची मोजदाद करायला हवी.