तांबडे सोने

सोने पिवळे, हे आपल्याला ठाऊक आहे. पण त्याचे फार बारीक कण केले, तर पाण्यात तेच सोने तांबडे दिसते. हे कण उजेडातला हिरवा रंग गिळतात, म्हणून. असे दोन हजार कण ओळीने मांडावेत, तेव्हा कुठे एका केसाची जाडी भरते!

हिवताप तपासण्याच्या पट्टीत हेच कण असतात. (त्यांचा मणी करू म्हणाल, तर जमायचे नाही.) बोटातले थेंबभर रक्त पट्टीवर टाकतात. रक्तात हिवतापाचा जंतू असला, तर त्याने सोडलेला पदार्थ कणांना चिकटतो. ठरल्या जागी कण अडकतात, रेघ उमटते.

हिवताप मेंदूत गेला तर जीव जाऊ शकतो. म्हणून ताप आला, की आपण त्याच दिवशी आशाताईंना गाठावे. पट्टी वाचायला १५-२० मिनिटे पुरतात. एक रेघ मात्र पट्टी चांगली असल्याची खूण असते. तीच उमटली नाही, तर नवी पट्टी मागावी.