अठ्ठावीस अंशांची लाट

नागपूर, चंद्रपूर, जळगावच्या मुलामुलींनो, आज तुम्हाला एक आकडा सांगते. २८. लंडनमध्ये सलग तीन दिवस पारा २८ अंश सेल्सिअसला पोचला, की तिथलं हवामान खातं ‘उष्णतेची लाट आली’ असं जाहीर करतं. आपल्याकडे मैदानी भागात पारा निदान ४० ला भिडल्याशिवाय लाटेचं नाव निघत नाही. मे महिन्यात नागपुरात पहाटेसुद्धा २८ अंश असतात!

हसू आलं ना? साहजिक आहे. पण १९ जुलै २०२२ या दिवशी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर ४०.२ अंशांची नोंद झाली. कोनिंग्जबी नावाच्या गावात तर ४०.३. ब्रिटनमध्ये मोजमाप सुरू झाल्यापासून पारा चाळिशीला कधीच पोचला नव्हता. त्या उन्हाळ्यात एकट्या इंग्लंडमध्ये उष्णतेमुळे अडीच हजारांहून जास्त वयस्कर माणसं दगावली. चाळीस अंश नागपूरकर दरवर्षी सोसतात. मग तिथे एवढा अनर्थ का झाला?

आधी एक प्रयोग करून बघू. तीन भांडी घ्या. एकात गार पाणी, दुसऱ्यात हाताला सोसेल इतकं गरम आणि मधल्यात साधं नळाचं. एक हात गार पाण्यात, दुसरा गरम पाण्यात मिनिटभर बुडवून ठेवा. मग दोन्ही हात एकदमच मधल्या भांड्यात घाला. पाणी एकच, पण एक हात म्हणेल ‘गरम आहे’ आणि दुसरा म्हणेल ‘छे, गार आहे!’ जॉन लॉक नावाच्या इंग्रज तत्त्वज्ञाने सतराव्या शतकातच ही गंमत लिहून ठेवली आहे. आपली कातडी अंश मोजत बसत नाही, मघापेक्षा काय बदललं तेवढं कळवते.

शरीराची सवय मात्र कातडीपेक्षा खूप आत जाते. आपण म्हणजे चालताबोलता माठच. माठातून पाणी झिरपतं, वाळताना उष्णता घेऊन जातं आणि आतलं पाणी गार राहतं. आपल्या अंगावरचा घाम वाळतो तेव्हा हेच घडतं. आता खरी नवलाची गोष्ट ऐका. रोज उन्हात वावरलं तर दहा-पंधरा दिवसांत शरीर हे काम जास्त चांगलं करायला शिकतं. घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो, आणि त्यातून मीठ कमी वाया जातं. रक्तातला पातळ भागसुद्धा वाढतो, म्हणजे हृदयाला कमी दमावं लागतं. नागपुरात ऊन मार्चपासून हळूहळू तापत जातं, त्यामुळे मे येईपर्यंत शरीराची तयारी झालेली असते. लंडनमध्ये परवा २२ अंश असतात, आज ३४ होतात आणि चार दिवसांनी पाऊस पडतो. शरीर शिकायला लागतं न लागतं तोच उन्हाळा संपतो!

बरं, ही शिकवणी कायमची टिकत नाही. ऊन मिळालं नाही तर महिनाभरात शरीर सगळं विसरतं. लंडनमध्ये मराठी माणसं पुष्कळ आहेत, तिथलं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून चालू आहे. विदर्भात वाढलेली एखादी काकू तिथे राहायला गेली, की लंडनच्या पहिल्या लाटेत तिचाही जीव कासावीस होतो. लहानपणी सोसलेले चाळीस अंश तेव्हा उपयोगी पडत नाहीत.

शरीर निदान पंधरा दिवसांत शिकतं. घर कसं शिकणार? लंडनमधली कित्येक घरं शंभर वर्षांहून जुनी आहेत आणि थंडीत ऊब धरून ठेवायची हे त्यांचं मुख्य काम. जमिनीवर गालिचे, छताखाली ऊब राखणारे जाड थर. छताला पंखा नाही, खिडकीवर छज्जा नाही. बऱ्याच फ्लॅटना खिडक्या एकाच बाजूला, म्हणजे वारा आत येऊन दुसरीकडून बाहेर पडायची सोयच नाही. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंती, मधला चौक, कोकणातल्या घरांची पडवी आठवा. ती घरं ऊन ओळखून बांधलेली असतात.

त्यात सूर्याचीही एक खोडी आहे, आणि मला ती फार आवडते. मे महिन्यात दुपारी आपल्याकडे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो. ऊन गच्चीवर पडतं, भिंतीतल्या खिडकीतून आत फारसं शिरत नाही. लंडन आपल्यापेक्षा खूप उत्तरेला, साधारण ५१.५ अक्षांशावर आहे. तिथे जूनमध्येही सूर्य क्षितिजापासून ६२ अंशांपेक्षा वर चढत नाही. म्हणून ऊन तिरकं येतं, थेट खोलीत घुसतं. आणि किती वेळ! जुलैच्या मध्यावर सूर्य पहाटे पाचच्या सुमाराला उगवतो आणि रात्री नऊनंतर मावळतो. पश्चिमेच्या खोलीत तुम्ही झोपायला जाता तेव्हाही पलंगावर ऊन असतं.

रात्री तरी गार वाटावं की नाही? पण शहरातल्या विटा आणि डांबर दिवसभर घेतलेली उष्णता रात्री हळूहळू सोडत राहतात. शहर आसपासच्या गावांपेक्षा उबदार असतं हे मोजून दाखवणारा पहिला माणूस लंडनचाच, ल्यूक हॉवर्ड. औषधं बनवणं हा त्याचा धंदा आणि आकाश बघणं हा छंद. ‘क्युम्युलस’, ‘सिरस’ ही ढगांची नावं त्यानेच ठेवली. लंडनच्या हवामानावरचं त्याचं पुस्तक १८१८ मध्ये छापून येऊ लागलं. त्या काळी हातात साधा थर्मामीटर घेऊन रोज नोंदी ठेवणाऱ्या या माणसाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

आता रुळांकडे वळू. हो, रुळांनाही सवय लावावी लागते! लोखंड तापलं की लांबतं. एक किलोमीटर रूळ १० अंशांनी तापला तर साधारण १२ सेंटीमीटर वाढायला बघतो. पण दोन्हीकडून जोडलेला असल्यामुळे त्याला जागा नसते. ताण फारच वाढला की तो बाजूला वाकतो. म्हणून रूळ बसवतानाच एक तापमान ठरवतात, ज्याला तो ना ताणलेला असतो, ना दाबलेला. ब्रिटनमध्ये ते २७ अंश आहे. आपल्याकडे बरंच जास्त ठेवतात. मग त्यांनीही जास्त का ठेवलं नाही? कारण तिथल्या कडाक्याच्या थंडीत तोच रूळ आकसून तुटायची भीती! उन्हात रूळ हवेपेक्षा २० अंशांनी जास्त तापू शकतो. म्हणून काही ठिकाणी रुळांना पांढरा रंग देतात आणि लाटेत गाड्या हळू चालवतात. १९ जुलै २०२२ ला तर लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातून उत्तरेकडे जाणारा मुख्य मार्ग दुपारभर बंदच ठेवला होता.

जमिनीखालची ट्यूब रेल्वे तरी गार असेल? एकेकाळी होती. १९०० च्या सुमाराला बोगदे खणले तेव्हा आजूबाजूची चिकणमाती सुमारे १४ अंशांची होती. ‘उन्हाळ्यात गारव्याला इकडे या’ अशा जाहिरातीही लागायच्या. मग गाड्यांची इंजिनं, ब्रेक आणि माणसं यांची उष्णता ही माती शंभर वर्षं गिळत राहिली. आता ती स्वतःच २० अंशांच्या पुढे तापली आहे. बेकरलू मार्गावर उन्हाळ्यात जीव नकोसा होतो.

इंग्लंडमध्ये नवी घरं उन्हाळ्यात फार तापणार नाहीत अशीच बांधायची, असा नियम आता झाला आहे. तो १५ जून २०२२ ला लागू झाला आणि चाळीस अंशांचा दिवस त्यानंतर महिनाभरानेच उगवला. जुन्या लाखो घरांना मात्र बाहेरून झडपा, पडदे आणि वाऱ्याला वाट एकेक करून द्यावी लागणार आहे.